वरच्या मजल्यावरून आलेली साखर

कौसा,

बेल वाजली की मी दचकून दाराकडं बघतो. आधी असं होत नव्हतं. आधी बेल वाजली की ती तुझ्यासाठीच असायची, मी खाटेवरून नुसता ओरडायचो, "बघ गं, कोण आहे." आता मलाच उठावं लागतं. कडीला हात लावायच्या आधी मी दाराच्या भोकातून बघतो. हसशील तू. ते भोक पाडून घेतलं तेव्हा म्हणाली होतीस, "आवो, आपल्याकडं येतंय कोण, चोरून बघायला?"

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. खाली पार्किंगमध्ये, गाड्या बाहेर काढून. भन्तेजी आले, आपली माणसं आली, बिल्डिंगची माणसं आली. आणि तुझ्या नातीनं, सुजूनं, तुझं गाणं म्हटलं. तेच. ज्याच्यावरून आपलं भांडण चाललं होतं आणि जे मिटायच्या आधी तू निघून गेलीस. काय झालं ते तुला सांगायला पाहिजे. आनंदशी बोलून उपयोग नाही, पोरगा माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय. सूनबाई दिवसभर कामावर. फोटोपुढं बसून मोठ्यानं बोललो तर लोक म्हणतील, म्हातारा गेला कामातून. म्हणून लिहितो. माझं शुद्धलेखन तुला ठाऊक आहे, समजून घे.

सुजू कानात फोनचे बोळे घालून मान हलवत बसायची तेव्हा मला वाटायचं पोरीला काही लागीर झालंय. एक दिवस तिनं ते मोठ्यानं लावलं. मी म्हटलं, "हे काय गाणं? हे तर नळावरचं भांडण." तू ओट्यापाशी पुरणाची डाळ घोटत होतीस. तू विचारलंस, "कोण गं ही माणसं?"

"आजी, हे अमेरिकेतले काळे लोक. ह्यांना गुलाम करून नेलं. नंतर सोडलं, पण वेगळंच ठेवलं. चांगल्या वस्तीत घर द्यायचं नाही, रस्त्यात पोलिसांनी उगाच धरायचं. मग ह्यांनी बोलायला सुरुवात केली. ठेका धरून. वाजवायला काही नसलं तर तोंडानंच ठेका. ह्याला रॅप म्हणतात."

तू डाळ घोटायची थांबलीस. जरा विचार केलास आणि म्हणालीस, "मग त्यांचा डबापण वॉचमनला जातो काय?"

सुजूनं फोन बंद केला. "कुठला डबा, आजी?"

मी म्हटलं, "गप, कौसा." पण माझ्या गप म्हणण्यानं तू कधी गप बसली होतीस?

सांगितलंस तू तिला सगळं. वरच्या वहिनी राहायला आल्या तेव्हा त्यांचे मालक होते, बँकेत होते. पहिल्याच जयंतीला तू पुरणपोळ्या केल्यास, तूप लावून डब्यात भरल्यास, वर नेऊन दिल्यास. वहिनींनी हसून घेतला डबा. संध्याकाळी परत आला तो घासूनपुसून, आणि आत वाटीभर साखर. रिकामा डबा परत देत नाहीत, चांगल्या घरची रीत. तू खूश. मला म्हणालीस, "बघा, तुम्ही उगा भीत होता." मग जयंतीला पोळी, पौर्णिमेला खीर, डबा वर जायचा, साखर खाली यायची. असं किती चाललं. मग एकदा गेटवर वॉचमन तुला म्हणाला, "आजी, आपके हाथ की पूरनपोली एकदम झकास." तू त्याला कधी दिलीच नव्हतीस.

त्या दिवशी लिफ्टमध्ये तू एक शब्द बोलली नाहीस. घरी येऊन पाणी प्यायलीस. मी म्हटलं, "झालं समाधान? आता पाठवू नकोस." तर तू काय केलंस? पुढच्या खेपेला दोन डबे भरलेस. एक वर दिलास आणि एक उघड्या गेटवर, सगळे ये-जा करत असताना, वॉचमनच्या हातात. दोन दिवसांनी तो बिचारा डोकं खाजवत तुला म्हणतो, "आजी, आजकल डबल मिल रहा है."

कशी हसली होतीस तू. पोट धरून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस, मग पदरानं डोळे पुसलेस आणि पुसतच राहिलीस.

आणि ती साखर. वहिनींच्या घरून आलेली साखर तू आपल्या डब्यात कधी मिसळली नाहीस. चिनीमातीची ती लोणच्याची जुनी बरणी, तिच्यात टाकायचीस. वापरायची नाही, फेकायची नाही. बरणी वर, पिठाच्या डब्यांच्या मागं. मी एकदा वैतागून म्हटलं, "मुंग्या लागतील. काय करायचीय ती?" तू स्टुलावर चढून झाकण घट्ट करत म्हणालीस, "असू दे. लागेल."

सुजू ऐकत होती. डाळ थंड झाली तरी ऐकत होती.

मग ती माझ्याकडं आली. "आजोबा, तुमच्या मशीनचा आवाज कसा होता?" मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पॉवर प्रेसवर डब्यांची झाकणं पाडायचो, हे तिला माहीत होतं, पण मशीन तिनं कुठं बघितलीय. मी टेबलावर वाजवून दाखवलं. पत्रा सरकव, हात काढ, पायडल दाब, धाड. सरकव, काढ, दाब, धाड. तिनं फोन जवळ धरला. "परत, आजोबा." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांत त्या आवाजाबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

गाणं तयार झालं आणि तिनं आपल्या दोघांना सोफ्यावर बसवून म्हणून दाखवलं. माझा ठेका, तुझा डबा. तू दोनदा म्हणायला लावलंस. मग म्हणालीस, "माझ्यापुढं कशाला म्हणतीस? मला म्हाईत हाय सगळं. बिल्डिंगीत म्हण. गणपतीला खाली कार्यक्रम असतो ना, तिथं."

मी उठून उभा राहिलो. "मी जिवंत असेपर्यंत हे गाणं ह्या बिल्डिंगीत होणार नाही."

"मग माझ्या मरणाला होऊ दे," तू म्हणालीस. पापड भाजायला घेतला होतास, तो उलटलास, आणि विषय संपला तुझ्यापुरता.

माझ्यापुरता नाही संपला. मला भित्रा म्हणायचीस. आहेच मी. प्रेसवर जे न भिणारे होते त्यांची बोटं मी पत्र्यावर बघितलीत. गप्पा मारत, गाणी म्हणत काम करायचे. मी मरणाचा भ्यायचो, म्हणून माझी दहा शाबूत. हे मी तुला ऐकवलं की तुझं एकच उत्तर, "बोटं ऱ्हायली, गळा कुठं गेला?"

माझ्या मामाचं तुला अर्धंच सांगितलं होतं. आता पूर्ण सांगतो. मामा हलगी वाजवायचा, स्वतः जुळवून गाणी म्हणायचा. एका जयंतीला त्यानं गाण्यात आपल्या लोकांना फुकट राबवून घेणाऱ्या घराचं नाव घेतलं. सगळी वस्ती हसली, मामा फुलला. दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं आली. मारलं नाही त्यांनी, हे लोकांना खरं वाटत नाही, पण बोट लावलं नाही. हलगीचं कातडं विळ्यानं कापलं, उरलेली नुसती गोल कडी मामाच्या गळ्यात घातली आणि त्याला चावडीपुढं उन्हात बसवला. मी पायरीवर बसून बघत होतो. मामाची मान त्या कडीत कशी दिसत होती ते मला अजून दिसतं. नंतर मामानं स्वतःच्या पोरांना झोपवतानासुद्धा आवाज काढला नाही.

तू म्हणशील, ते गाव होतं, हे चारकोप आहे, इथं सेक्टर आहेत, लिफ्ट आहे. कौसा, सुजूनं आधी एक गाणं फोनवर टाकलं होतं, कॉलेजातल्या पोरांनी तिला कोट्यातली म्हणून चिडवलं त्याच्यावर. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते तिनं तुला दाखवलं नाही. मला दिसलं. शिव्या होत्याच, शिव्यांचं मला काही नाही. एकानं शिवी दिली नव्हती. त्यानं एवढंच लिहिलं होतं, "चारकोपला राहतेस ना?" बस. पुढं काही नाही. तेव्हापासून ती क्लासवरून येईपर्यंत मी गेटवर उभा राहतो. तू विचारायचीस, कुठं जाता. मी सांगायचो, हवा खायला.

आता त्या दिवसाचं. तू ओट्यापाशीच खाली बसलीस, मग आडवी झालीस. घरात मी एकटा. मी लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही, जिन्यानं वर गेलो आणि वहिनींचं दार दोन्ही हातांनी वाजवलं. ती बाई चपला न घालता आली. रिक्षात मागं बसून तुझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. तुझ्या तोंडातून फेस येत होता, तो तिनं स्वतःच्या पदरानं पुसला, "कौसाबाई, डोळे उघडा, कौसाबाई," असं सारखं म्हणत होती. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी टेकलो होतो, मागं वळून बघायची हिंमत नव्हती. शेवटच्या वेळी तुझं डोकं माझ्या मांडीवर नव्हतं, तिच्या मांडीवर होतं.

हे मी कुठं ठेवू सांग. तिनं तुझा फेस पुसला. तुझी पोळी नाही खाल्ली. दोन्ही हात तेच.

तुला नेलं त्या दिवशी आपल्याकडं चूल पेटली नाही. वरून डबा आला. मोठा, चार पुड्यांचा. पिठलं, भाकरी, भात, मिरचीचा ठेचा. वहिनी स्वतः घेऊन आल्या. "भाऊ, दोन घास खाऊन घ्या." सुजू आत निघून गेली, जेवली नाही. मी जेवलो. भाकरी तुझ्यासारखी नव्हती, पण गरम होती. दोन भाकरी खाल्ल्या मी, रडत रडत. सुजू दारात उभी राहून म्हणाली, "आजोबा, तुम्ही खाल्लंत?" मी म्हटलं, "भूक लागली होती, बाळा." तिनं येऊन माझं ताट उचलून नेलं.

तो डबा घासून आपल्या ओट्यावर पडून होता. परत द्यायला वर जायचं म्हटलं की मी उद्यावर ढकलायचो.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या संध्याकाळी सुजूनं विषय काढला. भन्तेजींचं झाल्यावर लोक उठून दोन शब्द बोलतात, तेव्हा मी गाणं म्हणणार, असं म्हणाली. आनंद भडकला. "आजीच्या कार्यात लोकांचा अपमान करायचाय तुला? आपल्याला राहायचंय इथं. आण्णा, तुम्ही सांगा हिला."

"आजीनं सांगितलं होतं," सुजू म्हणाली.

"आजी चेष्टेत म्हणाली होती."

"आजी चेष्टेतच खरं बोलायची, पप्पा."

मग ती माझ्यापुढं येऊन बसली. खाली, जमिनीवर. "आजोबा, तुम्ही नको म्हटलंत तर नाही म्हणणार. शप्पथ. पण तोंडानं नको म्हणा. नुसती मान हलवू नका."

मी तोंड उघडलं. मामा डोळ्यांपुढं आला. ते फोनवरचं वाक्य आलं. आणि तू आलीस, पापड उलटणारी. माझ्या तोंडातून काहीच निघेना. ना हो, ना नको. शेवटी म्हटलं, "उद्या सकाळी बघू." आयुष्यभर मी तेच म्हणत आलोय.

सकाळी घरात चहाचा रगाडा. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करून साखर संपली. सूनबाई पांढरी साडी सावरत म्हणाली, "आण्णा, वरच्या काकू खाली येतीलच, त्यांचा डबा आजच देऊन टाका. रिकामा नका देऊ, काहीतरी घाला." आणि गेली खाली, फुलं लावायला. मी घरात एकटा. काय घालू? पिठाच्या डब्यात बघितलं, डाळीच्या डब्यात बघितलं. मग स्टूल घेतलं आणि वर बघितलं.

शपथ घेऊन सांगतो, आधी माझ्या मनात काही नव्हतं. डब्यात काहीतरी घालायचं, बरणीत साखर आहे, एवढंच. झाकण उघडेना. तू केवढं घट्ट लावून ठेवायचीस. फडक्यात धरून जोर केला तेव्हा निघालं. साखर खाली दगड झाली होती, वर मोकळी होती. चमच्यानं फोडून काढायला लागलो. एक पुडा भरला. दुसरा भरला. बरणी काही संपेना. आणि मग माझा हात थांबला. मला कळलं मी काय करतोय. तिनं दिलेली तिलाच परत चाललीय.

ओतून परत भरता आली असती. नाही ओतली. चौथ्या पुड्यापर्यंत गेलो. कडीत दांडी अडकवली तेव्हा तो डबा मला एका हातानं उचलेना.

खाली पार्किंगमध्ये तुझा फोटो, पांढरं कापड, मेणबत्ती. बिल्डिंगची माणसं मागच्या खुर्च्यांवर, नेहमीसारखी. वहिनी दुसऱ्या रांगेत, कडेला. मी पुढच्या खुर्चीवर, मांडीवर डबा. लोकांना वाटलं असेल म्हातारा अस्थी घेऊन बसलाय. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं. आनंद दोन वाक्यं बोलला आणि रडला. आपल्या महिला मंडळाच्या बाई बोलल्या. मग सुजू उठली.

ती फोटोपुढं उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. स्पीकर आनंदनं मुद्दाम वर घरातच ठेवला होता, ठेका वाजणार नव्हता. नको म्हणायचं असेल तर आत्ता, एवढं मला समजत होतं. एकदा पायडल दाबलं की वरचा ठोकळा अर्ध्यातून परत जात नाही. आणि माझी बोटं डब्यावर वाजायला लागली. सरकव, काढ, दाब, धाड. भरलेला डबा वाजत नाही, नुसता धप्प करतो. तरी पोरीनं पकडला.

डबा गेला भरून, डबा आला भरून,
मधली पोळी कुठं गेली, सांगा जरा वरून?
शिवी नाही दिली कोणी, हात नाही उगारला,
हसत हसत डबा घेतला, हसत खाली उतरवला.
जात कोणी विचारत नाही, जमाना नवीन आहे,
फक्त पोळी खात नाही, बाकी सगळं क्लीन आहे.

मागं एक खुर्ची सरकली. मग दुसरी. मी वळलो नाही. मला वाटत होतं आता कोणीतरी ओरडणार, आता कोणीतरी येऊन माझ्या मांडीवरचा डबा उचलून फेकणार. बोटं थांबवावीत असं वाटत होतं, पण थांबवली तर पोर एकटी पडली असती. वाजवत राहिलो.

वॉचमनकाका बोलले, आजी, पोळी झकास होती,
आजी हसली, लिफ्ट मात्र घरापर्यंत खामोश होती.
समुद्रापार काळी पोरं ठेक्यावरती बोलतात,
त्यांची कुलपं, आमची कुलपं, एकाच चावीनं खोलतात.

आणि मग मला आठवलं पुढं काय आहे. पुढं बरणी होती. मी विसरलोच होतो, ह्या गाण्यात बरणी आहे, आणि माझ्या मांडीवर तीच साखर. वहिनी डब्याकडं बघत होत्या. स्वतःचा डबा कोणाला ओळखू येत नाही?

साखर बरणीत साचत गेली, झाकण लावलं घट्ट,
आजी माझी गप्प नव्हती, आजी होती हट्ट.
बोलली नाही, भांडली नाही, फेकली नाही साखर,
तिच्या गप्प बसण्याचं आज उघडते मी झाकण.

संपलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कार्यात वाजवत नाहीत. आपल्या मंडळाच्या बायका रडत होत्या. मागच्या खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या. सुजू माझ्या पायाशी येऊन बसली आणि गुडघ्यात डोकं घातलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोच हात, दुखत होता.

मग जेवणाची पानं मांडायला लागले. बिल्डिंगची जी चारदोन माणसं उरली होती ती नमस्कार करून निघाली. एक म्हणाले, उपास आहे. तुझी आठवण आली. "आपल्याकडं आलं की ह्यांना एकादशी लागती," म्हणायचीस.

वहिनी उठल्या. त्या माझ्याकडं यायला लागल्या तसा मी उभा राहिलो. का उभा राहिलो माहीत नाही, चावडीपुढं उभं राहतात तसा. तोंडातून निघालं, "वहिनी, तुमचा डबा."

त्यांनी हातात घेतला आणि हात एकदम खाली गेला, इतका जड. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला, दांडी काढली, वरचा पुडा उघडला. मग दुसरा. तिसरा उघडताना त्यांचा हात सावकाश झाला. चौथा त्यांनी उघडला नाही.

"एवढी?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही भरून पाठवायचात," मी म्हटलं.

"वापरली नाही?"

"नाही."

"कधीच?"

मी मान हलवली. बोलायला पाहिजे होतं, पण मान हलवली.

वहिनी खाली बसल्या. डबा परत मांडीवर घेतला, मी घेतला होता तसा. सूनबाई ताट घेऊन आली, "काकू, घ्या." वहिनींनी ताटाकडं बघितलं, सूनबाईकडं बघितलं. घेतलं नाही. पण उपास आहे म्हणाल्या नाहीत, कौसा. डॉक्टरांनी मना केलंय म्हणाल्या नाहीत. काही कारणच दिलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, लोक जेवून हात धुवेपर्यंत. मग डबा दोन्ही हातांनी धरून लिफ्टकडं गेल्या.

त्या चांगल्या आहेत का वाईट ते मला ठरवता येत नाही. तुला येत होतं काय? येत असतं तर तू दर जयंतीला वर गेली असतीस काय?

काल सकाळी वॉचमननं मला गेटवर थांबवलं. रागावला असेल असं वाटलं. "बाबा, छोकरी ने मेरा नाम क्यों डाला? मेरी नौकरी का सवाल है ना." मी म्हटलं, "तेरा नाम नहीं लिया, वॉचमन बोला." तो म्हणाला, "बिल्डिंग में वॉचमन कितने हैं, बाबा?" बरोबर आहे त्याचं. भ्यालेला माणूस भ्यालेल्याला ओळखतो. मी त्याला म्हटलं, कोणी काही बोललं तर मला येऊन सांग. असं म्हणालो खरा, पण मी काय करणार आहे ते मलाच माहीत नाही.

काल संध्याकाळी सुजूनं गाणं फोनवर टाकलं. ह्या खेपेला तिनं परवानगी नाही मागितली, पण टाकायच्या आधी मला बोलावलं. "ठेका कोणाचा असं लिहू, आजोबा?" मी म्हटलं, नाव नको. मग म्हटलं, लिही, आजोबा लिही. खाली लोक लिहायला लागलेत. चांगलंही लिहितात. शिव्याही आहेत. मी चष्मा लावून एकेक ओळ बघतो, चारकोप हा शब्द कुठं येतो का ते शोधतो. आज ती क्लासला गेली तेव्हा मी गेटपर्यंत नाही, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. म्हणाली, "आजोबा, हवा खायला?" पोरीला सगळं कळतं.

मघाशी बेल वाजली. भोकातून बघितलं तर कोणी नाही. कडी काढली तर दारात आपला जुना डबा, तो मीच पाडलेल्या झाकणाचा, जो तू शेवटच्या पौर्णिमेला खीर घालून वर दिला होतास आणि जो परत यायचा राहून गेला होता. घासलेला होता. उघडला. आत काही नव्हतं. साखर नाही, काही नाही. त्या बाईनं रिकामा डबा पाठवला, तिच्या घरच्या रीतीत बसत नाही ते. मी किती वेळ दारात उभा राहून आत बघत होतो. राग आहे का हा, का लाज आहे, का आणखी काही, मला कळेना. सुजू येईल तेव्हा तिला दाखवीन.

डबा तुझ्या बरणीच्या शेजारी ठेवलाय. बरणी मी घासून उपडी घातलीय ओट्यावर, तळाचा दगड गरम पाण्यानं सुटला. मला अजून भीती वाटते. लिहितानाही दाराकडं लक्ष आहे. तुझ्यासारखं हसता येत नाही मला. पण एक सांगायचं होतं, त्यासाठी एवढं लिहिलं. त्या बरणीवरून मी तुला किती बोललो, मुंग्या लागतील म्हटलं, अडगळ म्हटलं. तू दरवेळी म्हणायचीस, असू दे, लागेल.

लागली गं, कौसा. सगळी लागली.